सुधीरचा बिझनेस क्लास

टोरांटोहून सुधीरच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या बाजारात दुधी निवडत होतो. "काका, बाबा गेले. कॅन्सर हाडांत पसरला होता... तुम्हाला माहीतच असेल." मला काहीच माहीत नव्हतं. एकाच सोसायटीत इतकी वर्षं काढली. त्याची मूळव्याधसुद्धा वहिनींच्या आधी मला कळली होती.

बिझनेस क्लासवर त्याचा भारी राग. कुणी परदेशी निघालं की तो खालच्या कट्ट्यावर बजावायचा, "पुढचे काय आधी पोचतात? विमान एकच ना!" माझ्या गुडघ्यांसाठी लंडनचा मुलगा जादा पैसे भरायला तयार होता, तर सुधीर म्हणाला, "आडवं पडायला एवढे पैसे? घरात गाद्या नाहीत काय रे?" मी ऐकलं. उतरलो तेव्हा पाय इतके आखडले होते की मुलानं मला चाकाच्या खुर्चीतून बाहेर नेलं. तरी मी सुधीरचीच बाजू घेऊन त्याच्याशी भांडलो.

आमच्याकडे परदेशी जाणाऱ्याला विमानतळापर्यंत सोडायचं, आत दिसेनासा होईपर्यंत काचेबाहेरून हात हलवायचा. सुधीरला दर वेळी मीच सोडलं. या वेळी टोरांटोला निघताना मात्र तो म्हणाला, "नको यार, अंधेरीला ट्रॅफिकची वाट लागलीय. इथेच बाय कर." पाठ दुखतेय, एवढंच बोलला. मी गेटवर हात हलवला आणि वर जाऊन मॅच बघत बसलो.

वहिनी परवा परतल्या. भेटायला गेलो तर म्हणाल्या, "जाताना बिझनेस क्लासनं गेलो ना आम्ही. त्यांना बसवतच नव्हतं. किती महिन्यांनी शांत झोपले..." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्हाला सांगू नको म्हणाले. 'हसेल तो.' म्हणून तर विमानतळावर येऊ दिलं नाही."

हसलो असतोच. चांगला तोंडावर हसलो असतो. आणि मग काचेबाहेर उभा राहिलो असतो, तो दिसेनासा झाल्यावरही. थट्टेच्या भीतीनं त्यानं माझा तेवढा निरोप खाल्ला. फसवलं त्यानं मला. पैसे वसूल झाले का? झाले, तो झोपला ना! पण हे त्यानं स्वतः मला सांगायला हवं होतं.

निघताना वहिनींनी विमानात मिळालेला छोटा पाऊच हातात ठेवला. मोजे, डोळ्यांवरची पट्टी, असलं काहीतरी. सुधीरनं माझ्यासाठी जपून ठेवायला सांगितला होता म्हणे. तो टीव्हीशेजारी पडून आहे. बायको रोज म्हणते, उघडून तरी बघा. नाही बघत. सध्या मी त्याच्याशी बोलत नाही.