टिना कोणाच्या?

चहा घ्या, पण आधी कबूल करा, हसायचं नाही. सारं हिवरखेड मले तोंडाळ म्हणते, ते मले मान्य आहे. पण त्याच तोंडानं मले कसं आडवं पाडलं, ते तुमाले कोणी धड सांगितलं नसंन. लोक अर्धंच सांगतात, अन् तेही मीठमिरची लावून. म्हणून म्हटलं, मीच सांगते. मिरची माझ्याकडे घरचीच आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे असं वावधन सुटलं, की बकरी दाव्यासकट उडंन! मी उद्याच्या बाजारासाठी हिरव्यागार सांभाराच्या जुड्या बांधून राहिली होती. डोक्यावर कडाडकन आवाज झाला. वर पाहिलं तर आभाळ! घरात बसल्या बसल्या आभाळ, आता बोला! मागच्या दोन्ही खोल्यांच्या छपराच्या टिना गायब.

गेल्या कुठं? शेजारच्या शशीच्या स्लॅबवर. तिची पाण्याची काळी टाकी एका टिनेनं अशी चिरली, जसं टरबूज. सारं पाणी जिन्यावरून खाली आलं, अन् पाण्यामागून शशी खाली आली. हातात मोबाईल सुरू. ही बाई कुकरची शिटी झाली तरी व्हिडिओ काढते.

"मंदे! पाह्य तुह्या टिनाईनं काय केलं! नवी टाकी घेऊन दे मले!"

शहाण्या बाईनं इथं काय म्हटलं असतं? 'शशे, होऊन गेलं, पाहू आपण.' अन् मी काय म्हटलं?

"माह्या कायच्या? माह्या टिना अशा गंजेल असतात का? कोणाच्या आहेत त्याले विचार!"

"अवं, तुह्या घरातून आभाळ दिसून राहिलं!"

"ते माहं आभाळ आहे! तू तुह्या टाकीचं पाह्य!"

गल्ली खदाखदा हसली. मले वाटलं, जिंकली मी. दुसऱ्या दिवशी शशीनं त्या बेवारस टिना भंगारवाल्याले विकल्या. माझ्या डोळ्यादेखत! मी दारात उभी राहून पाहत होती. काय म्हणणार? कोणत्या तोंडानं?

रात्री वरून पाऊस आला, गाद्या-गहू सारं भिजलं, तवा आमच्या ह्यायले आठवलं. "अवं, घराचं कर्ज काढलं तवा बँकेनं घराचा विमा उतरवला होता नं? दरसाल हप्ता कटते."

अमरावतीच्या पोरीले, सुनंदाले फोन लावला. तिनं कंपनीले कळवलं. कंपनी म्हणे, सर्वेअर साहेब पाहायले येतीन.

साहेब येतीन म्हटल्यावर मी काय केलं? जे तुमच्यातली कोणतीही बाई करंन तेच केलं. उधारीवर नव्या टिना टाकल्या. पोपडे आलेली भिंत घासून चुना मारला. भिजलेल्या गाद्या जावेकडे पाठवल्या. भिजला गहू आंबला होता, तो म्हशीच्या गोठ्याकडे नेऊन टाकला, साहेबाले वास नको म्हणून. अंगणात सडा टाकला, रांगोळी काढली.

हे म्हणाले, "मोडेल घर पाहायले येऊन राहिले नं ते?"

"म्हणून मोडेल दाखवू? माणूस पहिल्यांदा घरी येऊन राहिला, काय म्हणंन तो!"

साहेब आला. तर्रीपोहे खाल्ले, वरून अजून मागून घेतले. इकडं फिरला, तिकडं फिरला. "ताई, घर लय चांगलं ठेवलं तुम्ही." मी अशी फुगली, अशी फुगली की विचारू नका.

काही दिवसांनी मेसेज आला. दावा नामंजूर. नुकसान आढळलं नाही.

तुम्ही हसून राहिले. काय ठरलं होतं आपलं?

हे म्हणाले, जाऊ दे. मी म्हटलं, काऊन जाऊ दे? हप्ता कापताना कोणी म्हटलं का जाऊ दे? सुनंदा फोनवर म्हणाली, "आई, मेसेजवर मानू नको. कारण लेखी माग. सर्वेअरचा रिपोर्टही माग, तो आपला हक्क आहे." मी चौथी शिकलेली, पण 'हक्क' हा शब्द मले पहिलीपासून येते. पदर खोचला अन् अकोल्याची गाडी धरली.

कंपनीच्या हापिसात एसी चालू. टेबलामागं एक गोरापान साहेब.

"मावशी, आमच्या माणसाला नुकसान दिसलंच नाही."

"दिसंन कसं? दुरुस्त केलं नं मी!"

"आधी फोटो काढायचे होते."

"तुमच्या डोक्यावरचं छप्पर उडालं तर तुम्ही आधी छप्पर टाकसान का फोटो काढसान?"

"नियम आहे मावशी."

"मंग नियम लिहून द्या. नाही म्हणता तर 'नाही' लिहा, काऊन नाही तेबी लिहा. सही करा, शिक्का मारा. सर्वेअरचा रिपोर्टबी पाहिजे. त्यात पोह्याचं लिहिलं का, ते मले पाहायचं आहे."

"ते पोस्टानं येईल."

"येऊ द्या. तोवर मी बसते."

बसली. जेवायची वेळ झाली तसा डबा उघडला. भाकर अन् ठेचा. बंद खोलीत ठेच्याचा वास काय असते, तुमाले माहीत आहे. साहेबाच्या डोळ्यांतून पाणी, शिपाई दारापाशी शिंका देऊन राहिला. माझी दुसरी भाकर संपायच्या आत दोन्ही कागद हातात!

मंग कंपनीच्याच तक्रारखात्याले लेखी तक्रार केली. महिना गेला, उत्तर नाही. सुनंदा म्हणाली, आता विमा लोकपाल. तिथं फी नाही, वकील लागत नाही. हे मनात ठेवा, कधी कामी पडंन.

पण लोकपालाले पुरावा पाहिजे. अन् माझ्याकडे काय होतं? टिना भंगारात, गहू गोठ्यात, घर दिवाळीसारखं चकचकीत. साऱ्या जगात पुरावा एकाच ठिकाणी. शशीच्या मोबाईलमध्ये!

सांभारवडी तळली अन् ताट घेऊन गेली. कितीतरी महिन्यांचा अबोला होता. शशीनं साऱ्या वड्या खाल्ल्या, बोटं पुसली, मंग बोलली.

"व्हिडिओ देते. पण सुनावणी माह्या ओट्यावर होईन. नेटवर्क माह्याच घरी येते."

ते खरं होतं. सुनावणी मोबाईलवरच होती. सुनंदा अमरावतीहून आली, शशीच्या ओट्यावर पाटावर पाट ठेवून मोबाईल उभा केला. एका चौकटीत लोकपाल साहेब, दुसऱ्या चौकटीत कंपनीचा तो गोरापान. अन् ओट्याखाली सारी गल्ली, जशी लग्नाले आली.

सुनंदानं व्हिडिओ लावला. टाकी दिसली, टिना दिसल्या, माझ्या घरावरचं आभाळ दिसलं. वा! अन् मंग माझाच आवाज घुमला. "माह्या कायच्या? माह्या टिना अशा गंजेल असतात का?"

गोरापान खुर्चीतून उठलाच. "साहेब, बाई स्वतःच सांगतात, पत्रे त्यांचे नाहीत!"

लोकपाल साहेबानं चष्मा वर केला. "मंदाबाई, खरं सांगा. या टिना कोणाच्या?"

मी उभी राहिली. आता विम्याचे पैसे जातात का राहतात, एवढंच डोक्यात होतं. छाती ठोकून म्हटलं, "माह्या! साऱ्याच्या साऱ्या माह्या! माह्या घरावरून उडाल्या, माह्याच टिनाईनं शशीची टाकी फुटली. नवी टाकी घेऊन द्या लागंन म्हणून मी खोटं बोलली. पण साहेब, मी खोटी असन, ते आभाळ खोटं आहे का?"

साहेब हसले. कंपनीले म्हणाले, "पावसाच्या तोंडावर माणूस छप्पर टाकणार नाही तर काय करणार? दुरुस्ती केली, हे दावा नाकारायचं कारण होऊ शकत नाही."

पुढं रीतसर हुकूम आला, पैसे आले. पण ते नंतर. तवा मी विजयानं मागं वळली, तर शशी नवऱ्याचा मोबाईल धरून उभी!

"सारं आलं वं मंदे. 'माह्याच टिनाईनं' पासून. लोकपालासमोर बोलली, आता फिरवशीन कशी?"

विम्याच्या पैशातून पहिली खरेदी काय झाली? टाकी! तीही शशीच्या पसंतीची, पहिलीच्या दुप्पट. तेल्हाऱ्याहून रिक्षात मीच मांडीशी धरून आणली.

आता ती टाकी रोज सकाळी भरून वाहते, अन् सारं पाणी तडतड माझ्या नव्या टिनांवर पडते. मी अंगणात येऊन ओरडते, "शशे, मोटर बंद कर वं! पाणी माह्या टिनावर पडून राहिलं!"

शशी वरून वाकते. हातात मोबाईल.

"कोणाच्या टिनावर?"