हेमलताच्या मोहाखालची रोपं

कोणाच्या घरी पंखा आला, कोणाची शेळी दोन पिलं व्याली, की बुधीअक्का आधी नाकानं हवा ओढते, मग पदर खोचते आणि खालच्या पट्टीत म्हणते, "हंऽ. त्यामा काय शे?" आमच्या पाड्यावर हे वाक्य, 'त्यात काय एवढं', चार वर्षांच्या पोरांनाही म्हणता येतं. फक्त ते 'हं' त्यांना जमत नाही. ते घशातून येत नाही, थेट पोटातून येतं, जिथं अक्काला सारखं दुखतं.

पाडा यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. इथं मोहाची झाडं रानात असली तरी घरांची ठरलेली आहेत. कुठं लिहिलेलं नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूलसुद्धा कोणी उचलत नाही. अक्का लग्न होऊन आली तेव्हा तिच्या घराचे सात मोह होते. पाच तिच्या नवऱ्यानं, रुपसिंग आबांनी, कपाशीच्या वावरासाठी तोडले. सहावा दोन उन्हाळ्यांमागे उभ्या उभ्या वाळला. उरला एक. तो बोडक्या वावराच्या बांधावर एकटा उभा आहे, लग्नाला चुकीच्या दिवशी आलेल्या पाहुण्यासारखा.

आणि हेमलतावहिनीचे तीन. वहिनी शेजारच्याच घरातली. तिचे मोह नाल्यात, दाट रानात, सावलीला. तिन्ही हिरवेगार.

अक्काचं सगळं दुखणं इथं आहे.

मोहाची फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला पेटवून द्यायची आमच्याकडे रीत आहे. काळ्या जमिनीवर पिवळी फुलं लगेच दिसतात, पहाटे वेचायला बरं पडतं. सगळेच पेटवतात. हेमलतावहिनी तीन वर्षांपासून पेटवत नाही. तिचे वडील सावद्याला केळीच्या बागेत कामाला होते, ती तिथंच वाढली. केळीखाली पाला राहू दिला की जमीन ओली राहते, एवढं तिनं लहानपणापासून पाहिलेलं. ती पाला बाजूला सारते आणि झाडाखाली जुन्या साड्या अंथरते. फुलं साडीवर पडतात.

"झाडले साडी नेसाडस ती," अक्का हातपंपावर सगळ्यांना सांगायची. "उद्या पोलकं बी शिवी."

हसायचे सगळे. पण यंदा फाल्गुनात दोन दिवस गारा पडल्या आणि अक्काच्या झाडाची कळी मातीत गेली. त्यामागून लगेच असं ऊन आलं की उरलेली फुलं फांदीवरच सुकली. अक्काला टोपलीभर फूल मिळालं. हेमलतावहिनीच्या अंगणात मात्र पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे फुलं वाळत घातलेली, वास थेट रस्त्यापर्यंत. अक्का दिवसातून तीनदा तिथून जायची. विचारलं तर म्हणायची, पाण्याला चालले. हातपंप दुसऱ्या बाजूला आहे.

"अक्का, बसा ना," वहिनी म्हणायची.

"बसाले माले टाईम कोठे शे," अक्का म्हणायची आणि तिथंच अर्धा तास उभी राहायची.

त्याच आठवड्यात वनरक्षक लखनभाऊ आले. ते मीटिंग घेतात तेव्हा प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बरोबर आहे की नाही' म्हणतात आणि कोणी हो म्हणायच्या आत पुढचं वाक्य सुरू करतात. "जगाचं हवामान बदलतंय, बरोबर आहे की नाही, डोंगरावरची झाडं कमी झाली, बरोबर आहे की नाही, म्हणून नाला पौषातच आटतो." मग त्यांनी मोबाईलवर ॲमेझॉनचं जंगल दाखवलं. झाडावर झाड, त्याच्यावर वेल, मधून धुकं.

अक्कानं मोबाईल हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"तठे पाऊस कव्हय पडस?"

"तिथं जवळजवळ रोजच पडतो, अक्का."

"रोज?" अक्कानं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "बठ्ठा साल?"

"बाराही महिने. पण आता तिथंही तोडतात. जाळतात. तिथला पाऊसही कमी व्हायला लागलाय."

अक्कानं मोबाईल परत दिला. "हंऽ," म्हणाली. "मंग ठीक शे."

लखनभाऊंनी मोबाईल खिशात घातला आणि मोटरसायकल सुरू केली. 'बरोबर आहे की नाही' म्हणायचं राहूनच गेलं.

खरी गोष्ट पुढं घडली. चैत्र संपत आला होता. अक्का सरपणाच्या नावानं नाल्यात गेली आणि हेमलतावहिनीच्या झाडांखाली तिला रोपं दिसली. मोहाची. गुडघ्याएवढी. मोजली तर सतरा. तीन वर्षं आग लागली नव्हती, म्हणून उगवलेली बी जगली होती. बाकी सगळ्यांच्या झाडांखाली दरवर्षी जळतात, त्यामुळे पाड्यावरच्या कित्येकांनी मोहाचं पोर पाहिलेलंच नाही. अक्कानंही नाही.

फुलांचं अक्कानं सहन केलं असतं. फुलं सरतात. पण रोपं म्हणजे पुढची झाडं. हेमलताच्या नातवंडांना सतरा, आणि आपल्या नातीला, ज्योत्स्नाला, बांधावरचा तो एक. तोही आज आहे, उद्या नाही. ज्योत्स्ना लग्न करून गेली तरी ह्या घराचा मोह म्हणून काहीतरी राहायला हवं, हे अक्का त्या दिवसापासून ज्याला त्याला सांगत सुटली, अगदी लखनभाऊंच्या मोटरसायकललासुद्धा.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पाडा झोपलेला असताना, ती कुदळ घेऊन गेली. मोह कोणी लावत नाही, तो आपला आपण येतो, हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं होतं. कारणही सांगितलं होतं: त्याचं मूळ सरळ खाली जातं, रोपापेक्षा लांब. पण हेव्यापुढं आईचं कोण ऐकतं. तिनं कोपरापर्यंत खणलं, मूळ संपेना, मग जोर लावला. तटकन आवाज आला. रोप ओल्या पदरात गुंडाळून तिनं घरी आणलं, अंगणाच्या कोपऱ्यात लावलं आणि वर टोपली पालथी घातली.

तिसऱ्या दिवशी हेमलतावहिनी विरजण मागायला आली. टोपलीकडे पाहत उभी राहिली.

"अक्का, कोंबडी बसेल शे का?"

"शे."

"अंडा कितला?"

"नऊ."

"आवाज नही करस ती?"

"मुकी शे," अक्का म्हणाली.

"टोपलीखाल पानी काबर व्हायी राहिनं?"

अक्कानं विरजणाची वाटी तिच्या हातात कोंबली. वहिनीनं ती खाली ठेवली, टोपली उचलली. रोपाची पानं काळी पडून गळाली होती. वहिनी काही रागावली नाही. वाकून मुळाशी बोट घालून पाहिलं.

"मूय तुटी गयं, अक्का. आते नही जगाव. आषाढमा बी पडी, तव्हय मांगो. ताजं बी लगेच लावनं पडस."

"माले काय गरज?" अक्का म्हणाली.

वहिनी गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. 

आषाढ आला. अक्काच्या झाडाला फळंच मोजकी धरली होती, तीही वटवाघळांनी आणि रानडुकरांनी संपवली. मोहाचं बी आठवडाभरसुद्धा नीट टिकत नाही. अक्का रोज वहिनीच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. सहाव्या दिवशी आत गेली.

"तुनं बी तर बठ्ठं किडेल व्हई," ती म्हणाली.

वहिनी बिया सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "शे ना. बठ्ठं किडेल. लई जा."

आणि दोन ओंजळी पदरात टाकल्या.

अक्कानं त्या कपाशीत लावल्या. नेमक्या त्या पट्ट्यात, जिथं तोडलेले ते पाच मोह उभे होते. आबांना सांगितलं नाही. वीसेक दिवसांनी आबा कोळपं आणि बैल घेऊन तण काढायला निघाले, तेव्हा अक्का ओळीच्या मधोमध उभी.

"सरक," आबा म्हणाले.

"नही."

"तठे काय शे?"

"मोह शेतस. नऊ."

आबांनी वाकून पाहिलं. त्यांच्या ओळी दोरी लावल्यासारख्या सरळ असतात, त्याचा त्यांना मोठा अभिमान. "वावरमा झाड? बैल कसा फिरी?"

"पाच तू तोडात. मी विचारं का तुले, फुलं कोठे वेचू?"

"तूच सांगं व्हतं ना," आबा शांतपणे म्हणाले. "शेजारनी कपाशी मोठी, आपली बी पाह्यजे. रोज सांगे. रोज."

हे खरं होतं. तेव्हा शेजारी, म्हणजे हेमलतावहिनीच्या सासऱ्यानं, पहिल्यांदा कपाशी लावली होती, आणि अक्कानं आबांना कुऱ्हाड हातात घेईपर्यंत जेवू दिलं नव्हतं.   दोघं असे उभे असताना डाव्या बैलानं मान लांबवून तीन रोपं खाल्ली.

मग आबांनीच बैलाला हाणलं. कोळपं उचलून खांद्यावर घेतलं, तो पट्टा चालत ओलांडला आणि पलीकडून पुन्हा ओळ धरली. ती ओळ वाकडी गेली. अक्कानं दुपारपर्यंत बाभळीच्या फांद्या आणून सहा रोपांना कुंपण केलं.

श्रावणात एका दुपारी डोंगरावर ढग फुटला. वरचा डोंगर आता उघडा आहे, पाणी अडवायला काही नाही. नाला माणूसभर भरून आला आणि दोन तासांत ओसरला. हेमलतावहिनीचे तीन मोठे मोह उभेच राहिले. त्यांच्याखाली रोपांच्या जागी नुसता गाळ आणि दगड.

चार दिवसांनी वहिनी वावराच्या बांधावर येऊन थांबली. अक्का खुरपं घेऊन कुंपणापाशी बसली होती.

"काय देखी राहिनी?"

"काही नही," वहिनी म्हणाली. "मनं तर बठ्ठं व्हावी गयं. एक बी नही राहिनं."

अक्का तिच्याकडे पाहत राहिली. वहिनीची नजर काट्यांच्या आत अडकली होती. ती नजर अक्काला ओळखू आली. तीस वर्षं ती स्वतः हीच नजर घेऊन लोकांच्या अंगणांवरून फिरलेली. रोप उपटून देता येत नाही, हे आता दोघींना माहीत होतं.

अक्कानं खुरपं खाली ठेवलं. बाभळीची एक फांदी दोन्ही हातांनी बाजूला केली, चांगली हातभर.

"नीट देख," ती म्हणाली. "एक. दोन. हाई तीन. ह्याले चार पानं फुटनात. आखो जवय ये, तठून नही दिसाव."

आणि वहिनी जवळ येऊन बसेपर्यंत तिनं चौथं मोजलं नाही.