सूर्यचूल आणि जळलेला पदर

धाकट्या जावेचा पदर पेटला तेव्हा समोर ओसरीवर तीन पुरुष बसले होते. सासरे, चुलतसासरे आणि माझा नवरा. ती किंचाळली, पेटता पदर डोक्यावरून ओढून काढला, आणि तिचं डोकं उघडं पडलं. त्याबरोबर तिघांनीही तोंडं भिंतीकडे फिरवली. सून उघड्या डोक्याने समोर आली की बघायचं नाही, ही घरची रीत. माझ्या नवऱ्याच्या हातात पाण्याचा भरलेला गडवा होता. तो भरलेलाच राहिला.

मी दारात तांदूळ निवडत होते. रांजण थंड राहावा म्हणून त्याला गुंडाळलेलं ओलं पोतं ओढलं, तिच्या अंगावर टाकलं आणि तिला खाली पाडलं.

ही एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. शेलूबाजारच्या बाजूला आमचं खेडं. आठवड्यापूर्वी जीपमधून एक साहेब आला होता, मोठ्या परातीसारखा खोलगट, आरशासारखा चकचकीत पत्रा घेऊन. हा पत्रा सूर्याकडे धरायचा, ऊन एका जागी गोळा होतं, तिथे गंज, म्हणजे पातेलं, टांगला की त्यात वरण शिजतं. सरपण लागत नाही. चूल चांगली होती, खोटं कशाला सांगू? पण ती वापरायची कशी, हे साहेबाने सांगितलं ओसरीवरच्या पुरुषांना. ज्यांनी जन्मात कधी चहा केला नाही त्यांना! आम्ही दोघींनी दाराआडून ऐकलं ते अर्धंमुर्धं. गंजाभोवती जाळ दिसत नाही, पण कापड आलं की पेटतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

परवा नात सांगत होती, आता आकाशातली यानंसुद्धा उन्हातून जबर दाबाची वीज काढून त्या विजेवर पुढे जातात. चांगलं आहे. तिथे कोणाला नाकापर्यंत पदर ओढावा लागत नसेल.

आम्हाला लागत होता. मागच्या अंगणात निंबाची सावली, म्हणून चूल पुढे मांडली, थेट ओसरीसमोर. मी सासूला म्हटलं होतं, "आत्याबाई, मामाजीले म्हना जरा आत बसा."

"ओसरी कोनाची हाय? तुमच्या वरनासाठी मानसं उठवतं काय?"

डोळ्यांवर लुगडं ओढून जावेने वरण ढवळायला वाकायचं, आणि आग कुठे आहे ते तिला कळायचं कसं?

पोतं काढलं तर मान, कान आणि एक खांदा भाजला होता. तिचा नवरा कापूस घेऊन कारंज्याला गेलेला. सासू म्हणाली, "तेल लावू, राहीन बरी." मी म्हटलं, मंगरूळपीरच्या दवाखान्यात न्या. माझा नवरा तिचा थोरला दीर. तो भिंतीशीच बोलला, "तिथं पुरुष डाक्टर हाय. हात लावीन."

"तुमाले तिचं उघडं डोकं दिसते, अन् जळलेली मान दिसत नाही?"

"वकिली नोको करू."

मी म्हटलं, "बंडी जुपा. नाही तं मी जुपतो, अन् काहून जुपली ते साऱ्या गावाले सांगत जातो."

सासऱ्यांना सुनेची नाही, गावाची भीती. बैलांची बंडी निघाली. मी तिच्याजवळ बसले. वाटेत ती एकदाच बोलली, "बाई, माह्या डोक्यावर काही टाक वं. पुढं भासरे हायत." बंडी हाकणारा तिचा भासरा म्हणजे माझाच नवरा. मी काही टाकलं नाही. जळालेल्या कातडीवर कापड चिकटलं असतं.

डॉक्टरने हात लावला. पट्ट्या बांधल्या, रोज बदलल्या. घरी पुरुषांनी चूल अपशकुनी ठरवून पत्रा ठोकून सपाट केला. स्वतःला कोणी काही ठरवलं नाही.

तिची मान त्यानंतर डावीकडे कधी वळली नाही. कानही गेला. ओसरीवरचे ते तिघे कधीच मेले. ती अजून जिवंत आहे.