फुफीची शंका

गेल्या महिन्यातली गोष्ट. सोमवारची सकाळ, खडकी. अकरा वाजता फुफीला ऑपरेशनसाठी ॲडमिट करायचं होतं. मी बाणेरहून ट्रॅफिकला शिव्या घालत पोचले, तर ही बाई बॅगही न भरता नमाजाच्या चटईवर शांत बसलेली...

फुफी म्हणजे माझ्या अब्बांची मोठी बहीण. आयुष्यभर मराठी शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे लाड दख्खनीत करते, पण रागावते शुद्ध मराठीत.

ऑपरेशन स्वरयंत्रावरच्या गाठीचं. गाठ साधी आहे, घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. आवाज पहिल्यासारखा राहीलच असं मात्र सांगता येत नाही, असंही म्हणाले होते. फुफीने फक्त दुसरं वाक्य ऐकलं.

"वुजू करून ये आणि बस समोर," ती म्हणाली. "तुला पहिली हदीस द्यायची आहे."

मित्रमैत्रिणींसाठी जरा सांगते. वुजू म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुणं. हदीस म्हणजे पैगंबरसाहेब काय बोलले, कसे वागले याची आठवण. ती नुसती सांगून भागत नाही, कोणाकडून ऐकली तेही सांगावं लागतं. मी यांच्याकडून ऐकली, त्यांनी त्यांच्याकडून... असं करत थेट पैगंबरसाहेबांपर्यंत. या साखळीला सनद म्हणतात.

जुन्या जाणकारांनी या साखळीतला एकेक माणूस पारखला. हे दोघे खरंच भेटले होते का? याची स्मरणशक्ती कशी होती? माणूस अगदी सज्जन, पण उतारवयात विसरायला लागला, तर तेव्हापासूनचं त्याचं सांगणं बाजूला ठेवायचं! मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, आमच्याकडे इतकं कोणी तपासत नाही. (मॅनेजर वाचत असतील तर... हे आपल्या टीमबद्दल नाही.)

आता हे सगळं ग्रंथांत आहे. तरी तोंडून कानात देण्याची पद्धत अजून चालू आहे, आणि तिच्यात एक गोड प्रथा आहे. उस्तादाने शिष्याला सगळ्यात आधी दयेची हदीस ऐकवायची. जमिनीवर राहणाऱ्यांशी दयेने वागाल तर वरूनही दया मिळेल, असा तिचा साधारण अर्थ. देणारा सांगतो की मीसुद्धा माझ्या उस्तादांकडून सगळ्यात पहिली हीच ऐकली.

"पहिली कशी?" मी म्हटलं. "उजव्या हाताने जेव, हे तर तू मला लहानपणापासून ऐकवते आहेस."

"ते वळण लावणं होतं. ही रिवायत आहे, सनदेसकट सांगायची. गप्प बस आणि ऐक."

तिने सुरुवात केली. तिचे उस्ताद खडकीतलेच, आता हयात नाहीत. मग त्यांचे उस्ताद. आणि तिथे फुफी थांबली.

या दुसऱ्या उस्तादांना एकाच घरातल्या दोघांनी शिकवलेलं, वडील आणि मुलगा. दोघेही आलिम, म्हणजे धर्माचे जाणकार. ही हदीस वडिलांकडून आली की मुलाकडून? इतकी वर्षं पाठ असलेली गोष्ट नेमकी त्या सकाळी आठवेना. तिने पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं, पुन्हा तिथेच अडकली.

वर्गाबाहेर पोरं उभी करणारी फुफी मी पाहिली होती... घाबरलेली फुफी कधी पाहिली नव्हती. आपल्यापाशीच ही साखळी तुटणार, असं तिला वाटत होतं. मला फार वाईट वाटलं.

तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण सोलापूरला असते. तिला फोन लावला, उचलला नाही. मग मी सवयीने गुगल उघडलं.

"या फोनने माझ्या उस्तादांना पाहिलंय का?" फुफी म्हणाली.

मी फोन पर्समध्ये टाकला. घड्याळ पळत होतं, म्हणून म्हटलं, "मग दोघांपैकी एकाचं नाव घे ना. दोघेही मोठेच होते, काय फरक पडतो?"

बस्स. चष्म्यावरून ती नजर आली. "फरक पडत नसता तर लोकांनी शेकडो वर्षं कष्ट कशाला घेतले असते?" ती उठली, पाणी प्यायली, परत बसली.

पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या जागी आल्यावर स्पष्ट म्हणाली, "इथे मला शंका आहे. वडील किंवा मुलगा." तशीच पुढे गेली, आणि न अडखळता शेवटपर्यंत पोचली.

फुफीने सांगितलं की जुने लोकही असंच करायचे. आठवण डळमळली तर अंदाज करायचा नाही, लपवायचंही नाही. हदीस द्यायची ती शंकेसकट. मग तिने पटापट बॅग भरली आणि उशीर झाला म्हणून मलाच झापलं.

ऑपरेशन नीट झालं. नंतर डॉक्टरांनी बरेच दिवस बोलायला बंदी केली होती. त्या काळात फुफी नुसत्या भुवयांनी किती रागावू शकते, हे आम्हा सगळ्यांना कळलं...

परवा बंदी उठली. पहिला फोन सोलापूरला गेला, दुसरा मला. आवाज घोगरा, पण तिचाच. मला रडूच आलं. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"मुलगा," फुफी म्हणाली. "मुलाकडून ऐकली होती."

"वा! मग आता ती शंका काढून टाकते."

"अजिबात नाही. तू ऐकलीस तेव्हा मला शंका होती, तसंच सांगायचं. नंतर खात्री झाली, हे त्याला जोडून सांगायचं."

म्हणजे मी कधी कोणाला ही हदीस दिली, तर एवढ्या मोठ्या माणसांच्या रांगेत खडकीची एक भूगोलाची बाई येईल. आवाज जाईल म्हणून घाबरलेली, आणि तरीही अंदाजाने एक नाव न घेतलेली. जी माणसं अजून जन्मलीही नाहीत, त्यांना माझी फुफी अशी कळेल. अल्हम्दुलिल्लाह.