सुईआधीचा प्रश्न

डॉ. शैलजा अवचार यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या हातात एक पोतं होतं आणि त्या पोत्यात चार मांजरं होती. कामरगावातल्या एका खासगी धान्य गोदामाची देखरेख तेव्हा माझ्याकडे होती. शेठजींनी हुकूम सोडला होता की, गोदामातली मांजरं संपवा, पण आपल्या हातानं नको. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, ही समजूत आमच्याकडे अजून पक्की आहे. त्यावर शेठजींनीच तोड काढली. गुरांच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरबाई आल्या आहेत, त्यांच्या सुईनं होऊन जाऊ दे.

बाईंनी पोत्याचं तोंड जरासं उघडून आत पाहिलं आणि मला विचारलं, "यायले काय दुखून राह्यलं?"

"दुखत काही नाही, बाई. धान्यावर मुततात. पिल्लावर पिल्लं होऊन राह्यली. शेठजी म्हणतात, एकेक सुई देऊन टाका."

"दुखत नाही तं सुई कायची? आन् काशीले कोण जाईन, मी?"

गाई-म्हशी घेऊन आलेली मंडळी खो खो हसली. मला राग आला, हे इथं कबूल करतो. माझा स्वभाव मूळचाच तापट, त्यात चारचौघांत हसं झालेलं. मी पोतं उचलायला लागलो तेव्हा बाईंनी त्यावर हात ठेवला. "चारही इथं राहू द्या," त्या म्हणाल्या. "पिल्लं होणार नाही असं ऑपरेशन करून देतो. मंग जिथून आणली तिथंच नेऊन सोडा."

"परत गोदामात?"

"भाऊ, तुमच्या गोदामात उंदीर आहेत तोवर मांजराची जागा काही रिकामी राहत नाही. ही काढसान तं दुसरी येतीन. ही राह्यली तं बाहेरच्याले हीच आत येऊ देणार नाही."

हे मला ठाऊक होतं, म्हणूनच झोंबलं. माझ्या आधीच्या माणसानं सगळी मांजरं पोत्यात भरून लांब सोडली होती. त्या वर्षी उंदरांनी तुरीची निम्मी थप्पी कुरतडली आणि पुढच्या वर्षी कुठून कोण जाणे, नवी मांजरं हजर! मी शेठजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "एक हंगाम पाहतो. त्यात पिल्लं दिसली तं उंदराचं औषध टाकीन, मंग काशी गेली खड्ड्यात." शेठजी बोलले ते करणारे होते. गोदामात तेव्हा लहानमोठी पंधराएक मांजरं असतील. त्यांचा जीव त्या एका हंगामावर टांगला गेला.

पुढचे कितीतरी रविवार बाई गोदामात आल्या. सुट्टीचा दिवस, पण पहाटे कुणाच्या तरी अडलेल्या म्हशीचं रेडकू सोडवून, हात धुऊन तशाच यायच्या. वेल्डिंगवाल्याकडून त्यांनी जाळीचे पिंजरे करून घेतले होते. त्यात सुक्या मासळीचा तुकडा ठेवून आम्ही दोघं थप्पीच्या आड चूप बसायचो. मी त्यांचं ऑपरेशन पहिल्यांदा पाहिलं आणि थक्क झालो. बैलाच्या शिंगाला न घाबरणारा तो हात बोटाच्या पेराएवढ्या चिरेतून काम करून बाहेर येई आणि टाका कुठं घातला ते शोधावं लागे. मांजर गुंगीत असतानाच त्या डाव्या कानाचं टोक जरासं कापत, म्हणजे पुन्हा धरायचं नाही ही खूण. आमचे हमाल अशा मांजरांना कानकट्या म्हणू लागले. संध्याकाळी एका ठरलेल्या जागी पाणी आणि दूधपोळी ठेवायची, हाही बाईंचाच नेम. सगळी एकत्र आली की कोण आजारी आहे ते दिसतं, असं त्या म्हणत.

एक मांजर तेवढी हाती लागेना. काळी-पिवळी, थप्पीच्या टोकावर बसून हमालांवर देखरेख करायची, म्हणून तिचं नाव पाटलीण. पिंजऱ्याकडे ती असं बघायची की आपल्यालाच लाज वाटावी. हंगाम संपत आला आणि एका सकाळी तुरीच्या थप्पीमागं तिची तीन पिल्लं दिसली, महिनाभराची.

माझी तंतरली. शेठजी दुपारी येणार होते. मी आमच्याकडचा जुना उपाय केला. पिल्लांना सोडून पाटलीण पळेना, म्हणून तीही हाती लागली. आई आणि पिल्लं पोत्यात घातली, जीपमध्ये बसलो आणि दुसऱ्या गावच्या शिवाराकडे निघालो. मारलं नाही, नुसतं सोडलं, म्हणजे पाप नाही, अशी आपण सगळेच मनाची समजूत घालतो. वाटेत जीप आणखी एक सवारी घ्यायला थांबली, तेवढ्यात पाटलीण पोतं फाडून निसटली. पिल्लं तेवढी मी एका विहिरीजवळ सोडून आलो.

तिसऱ्या दिवशी पाटलीण परत आली. एक पाय लंगडत होता. तिनं गोदामातली एकेक थप्पी मागून-पुढून हुंगली आणि ती हाका मारत फिरत राहिली. मला ते ऐकवेना. मी उठलो आणि दवाखान्यात जाऊन बाईंपुढं उभा राहिलो. जे केलं ते सगळं सांगितलं.

बाई रागावतील, माझं तोंड पाहणार नाहीत, असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणत्या शिवारात?" आणि स्कूटर काढली. रणरणत्या उन्हात आम्ही त्या विहिरीभोवतीची वावरं पालथी घातली. तुराट्यांच्या ढिगाखाली दोन पिल्लं सापडली. तिथल्या एका म्हातारीनं त्यांना दूध पाजून जगवलं होतं. तिसऱ्यासाठी बाई धुऱ्याधुऱ्यानं, वावरांच्या बांधाबांधानं, कितीतरी वेळ वाकून शोधत राहिल्या. ते मिळालं नाही.

परतताना त्या म्हणाल्या, "एक गेलं, भाऊ. ते गेलं नाही असं मी म्हणणार नाही. पन तुमी सांगाले आले म्हणून दोन राह्यले." आजवर मला कुणी इतक्या सरळ शब्दांत दोषही दिला नाही आणि सावरलंही नाही.

तिथून बाई थेट शेठजींकडे गेल्या. पिल्लं त्यांच्या पुढ्यात ठेवली. "एक मांजर माह्या पिंजऱ्यात आली नाही, चूक माही आहे," म्हणाल्या. माझं नाव त्यांनी ओठांवर येऊ दिलं नाही. मी बाजूला मान खाली घालून उभा. शेठजींनी पिल्लांकडे बराच वेळ पाहिलं. एक पिल्लू त्यांच्या धोतराच्या सोग्याशी खेळायला लागलं होतं. शेवटी ते म्हणाले, "बरं. पन हीच शेवटची."

आणि ती शेवटचीच ठरली. बाईंनी पिल्लं पिंजऱ्यात ठेवली, तेव्हा पाटलीण आपल्या पायांनी आत गेली. पिल्लं दूध सोडेपर्यंत तिघांनाही बाईंनी स्वतःच्या घरी ठेवलं, मग एकेकाचं ऑपरेशन केलं. त्यानंतर गोदामात एकही पिल्लू जन्मलं नाही. शेठजींचं औषध कपाटातच राहिलं. पुढं मालेगाव, रिठदकडची माणसंही मांजरं घेऊन बाईंकडे येऊ लागली. पोत्यात नव्हे, टोपलीत.

पाटलीण पुष्कळ वर्षं जगली. गेल्या उन्हाळ्यात तिनं खाणं सोडलं. बाई रोज येऊन तिला सलाईन देत. मग एक दिवस तिला उठताही येईना, पाणीही पोटात ठरेना, आणि हात लावला की ती कण्हायची. मी बाईंना म्हणालो, "आणखी एक सलाईन देऊन पाहा ना." पोतं घेऊन सुई मागायला गेलेला माणूस मीच, आणि आता सुई नको म्हणून हात जोडत होतो.

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. "भाऊ, तुमीच सांगा," त्या म्हणाल्या, "हिले काय दुखून राह्यलं?"

मी पाटलिणीकडे पाहिलं. "सगळंच, बाई," म्हणालो.

त्यांनी मान हलवली. एक हात तिच्या डोक्यावर ठेवून दुसऱ्या हातानं सुई दिली. ती पूर्ण शांत होईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही. त्यांचे डोळे भरले होते. "मरणही औषध आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन ते दुखणाऱ्यासाठी. आपल्या सोयीसाठी नाही."

माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं एवढंच मी लिहू शकतो. बाईंच्या ज्ञानाबद्दल या गौरव अंकात जाणकार लिहितीलच. मला त्यांच्यापुढं उभं राहिलं की आजही पहिल्या दिवसासारखं लहान झाल्यागत वाटतं, आणि ते मला आवडतं.

बाई आता साठ वर्षांच्या झाल्या. उभा जन्म त्यांनी मुक्या जिवांना एकच प्रश्न विचारला आणि उत्तर मिळाल्याशिवाय सुईला हात लावला नाही. आता विचारायची पाळी आमची. पुढची कितीतरी वर्षं आम्ही त्यांच्या दारात जाऊन विचारत राहू, "बाई, काय दुखून राह्यलं?" आणि दर वेळी त्यांनी हसून म्हणावं, "काहीच नाही, भाऊ. या, बसा."