मिशीची बारा पेरं

म्हाळाप्पा गेल्याचं मला शाळेत कळलं. त्याच्या शेजारचा विणकर निरोप घेऊन आला, "मास्तर, म्हाळाप्पाचा ताप काय उतरला न्हाय..." त्याला आता दीड महिना झाला.

सांगोल्याकडच्या धनगराचा हा मुलगा जंगलखात्यात कारकून होऊन ब्रह्मदेशात गेला. सागाच्या रानात वर्षानुवर्षं हिंडला. एकुलती मुलगी सखू तिथेच तापाने गेली. सोलापुरात परतला तो हिवतापाने पोखरलेलं शरीर आणि लांब मिशांच्या भुंगेऱ्यांनी भरलेल्या पेट्या घेऊन. कोणता भुंगेरा कुठल्या जातीचा हे ठरवणं, एवढंच त्याचं आयुष्य उरलं होतं. मी चित्रकलेचा मास्तर. दर रविवारी त्याच्याकडे बसून भुंगेऱ्यांची चित्रं काढायचो. पुढे त्याची नजर अधू झाली. भिंगाने छापील अक्षर तेवढं लागे. मग मिशीची पेरं मीच मोजून सांगू लागलो.

एका काळ्या भुंगेऱ्याची पेरं मी बारा सांगितली. तो ताठ बसला. "ह्याच्या भावकीत समद्यांची अकरा असत्यात. पुन्यांदा मोजा की, मास्तर." उन्हाळ्याची दुपार होती, मान अवघडली होती. मी न बघताच म्हणालो, "बाराच."

ही जात अजून कुणी नोंदवलेली नाही, असं त्याने ठरवलं. भुंगेरा, माझं चित्र आणि पत्र विलायतेतल्या एका संग्रहालयाला गेलं. "सखूचं नाव देनार ह्याला," तो म्हणाला. पुढे मी उत्तराचं विचारलं की, "लांबचं टपाल हाय," एवढंच म्हणे. हळूहळू मी विचारणं सोडलं...

दिवस झाल्यावर म्हाळाप्पाच्या बायकोने, वहिनींनी, पेट्या माझ्या हवाली केल्या. एकीत तो काळा भुंगेरा परत आलेला होता आणि सोबत दोन वर्षांपूर्वीचं विलायतेचं टाइप केलेलं पत्र. जात माहितीतलीच, पेरं अकराच, शेवटच्या पेराला तडा गेला होता, तो सांधा समजला गेला. खाली म्हाळाप्पाच्या उत्तराची नक्कल होती: 'मोजणी माझी चुकली. चित्रकाराचा दोष नाही.' आणि दोन वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून चहा पीत होता...

"काय लिवलंय?" वहिनींनी विचारलं. "सखूचं नाव लागलं का त्याला?"

"लागलं की," मी म्हणालो.

त्यांनी भुंगेरा मागून घेतला. तो आता त्यांच्या देव्हाऱ्यात, सखूच्या वाळ्यांजवळ आहे. मी गेलो की त्या दाखवतात, मी मान हलवतो. त्यांच्यासमोर बसून खरं सांगायला माझी जीभ उचलत नाही, म्हणून इथे लिहिलं. कुणीतरी त्यांना हे वाचून दाखवावं.