दगडाबाईचे दहा महिने

दगडाबाईकडे कुणीतरी पहिल्यांदा थांबून नीट पाहिलं तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि निमगाव केतकीजवळच्या एका पानमळ्यात विड्याची पानं खुडत होती. पाहणारा मुंबईचा होता. त्याच्याबरोबरची माणसं वेलांखालून वाकत आत घुसली, तेव्हा दोन-चार कोवळे शेंडे मोडले. ही चिडली.

"पाव्हणं, वेल हाय त्यो. वाट न्हाय."

बाकीचे हसले. तो हसला नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि शेजारच्याला म्हणाला, "आपली बाई सापडली."

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या मार्चमधली. तो माणूस दूरदर्शनसाठी 'पाण्याखालची वेस' नावाची मालिका करत होता. धरणात बुडालेल्या एका गावातला एकेक माणूस दर भागात पाण्यातून वर येतो आणि आपलं घर शोधत हिंडतो, अशी तेरा भागांची ती गोष्ट होती. दगडाबाईचं काम होतं चौथ्या भागात. नवरा पाण्यात गेल्याची बातमी येते. बाई उंबऱ्यावर बसते, कुंकू पुसते, दगडावर हात आपटून बांगड्या फोडते. बोलायचं एक अक्षर नाही. उंबराही तिच्याच घराचा घ्यायचं ठरलं.

नवरा सर्जेराव हरखून गेला. तो उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, मोकळा, बडबड्या गडी.

"आये, सगळा तालुका बघंल! सर्जाची बायकू टीव्हीत!"

"आन काय करताना बघंल?" बानूबाई, त्याची आई, तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "तुझ्या नावानं बांगड्या वाढवताना?"

"माझ्या कुठं? त्या शिरेलीतल्या नवऱ्याच्या."

"सवाष्णीचा हात एकच आसतो, सर्जा. शिरेलीला येगळा आन घराला येगळा, आसं न्हाय."

त्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणतसुद्धा नसे. बांगडी वाढवली म्हणत. पण लेकाची हौस बानूबाईला मोडवेना. शेवटी तिनंच तोड काढली. त्यांच्या बांगड्या मनगटात भर, मात्र आपली एक हिरवी बांगडी वर, कोपराच्या खाली घट्ट चढव आणि त्यावर चिंधी बांध. जत्रेतल्या नाटकात विधवेचं काम करणाऱ्या बायका असंच करतात, हे तिनं लहानपणी पाहिलं होतं. "ती हातात हाय तवर तू सवाष्ण. मंग त्यांच्या किती बी वाढव."

शूटिंगच्या दिवशी दोनदा बांगड्या फुटल्या आणि दोन्ही वेळा दिग्दर्शकाच्या मनासारखं झालं नाही. तिसऱ्यांदा तो जवळ आला. "हाताला हे काय बांधलंय? फुगवटा दिसतोय. काढा ते." दगडाबाईनं सासूला शोधलं. दोन वर्षांचा सौरभ रडत होता म्हणून बानूबाई त्याला घेऊन परसात गेली होती. सर्जेराव उजेड पाडायचा पांढरा पत्रा उन्हात धरून उभा होता आणि त्याचं सगळं लक्ष तो पत्रा हलू न देण्याकडे होतं. ऊन उतरायला आलं होतं. पन्नास माणसं खोळंबली होती. दगडाबाईचा स्वभाव मुळात भिडस्त. आपल्यामुळं चार लोक अडकले की तिला भुईत गडप व्हावंसं वाटे. तिनं चिंधी सोडली, बांगडी उतरवली आणि देवळीत ठेवली.

त्या वेळचं काम एका दमात साधलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं बांगडी पुन्हा घातली. कुणालाच काही कळलं नाही.

श्रावणात चौथा भाग लागला तेव्हा पंचायतीच्या टीव्हीसमोर गाव लोटलं होतं. "दगडे, काय रडलीस गं! माझ्या म्हाताऱ्याला भरून आलं," शेजारीण म्हणाली. सर्जेराव महिनाभर ज्याला त्याला सांगत सुटला, "आपण टीव्हीत मेलो बरं का! आता यम काय पुन्यांदा येत न्हाय."

जानेवारीत, शूटिंगला दहा महिने होत आले असताना, कालव्याच्या वळणावर ट्रॉलीची पिन तुटली. भरलेली ट्रॉली कलंडली आणि उसाखाली सर्जेराव सापडला.

बायका जमल्या. त्याच उंबऱ्यावर दगडाबाईला बसवलं. तिच्या डोळ्यांतून टिपूस येईना. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "टीव्हीत कशी रडली हुती." दुसरी म्हणाली, "ही तर आदीच करून बसलीया सगळं." हे दुसरं वाक्य गावात राहिलं. ते कुणी रागानं म्हणत नसे. वाट सांगावी तसं सांगत. पण नव्या सुनांना दगडाबाईपासून जरा लांब धरत, आणि कुणाच्या घरचा नवरा कामावर निघाला की ती समोर आलेली चालत नसे.

बानूबाईनं तेराव्यानंतर एकदाच विचारलं.

"ती एक हुती न्हवं हातात?"

"व्हय," दगडाबाई म्हणाली.

बानूबाईनं मान हलवली. त्या एका शब्दावर तिनं सुनेला घरात ठेवलं, नातवाला तिच्या मांडीवर ठेवलं, आणि गावातल्या बायकांना दोन वेळा उंबऱ्यावरून परत लावलं. खोट्याच्या आसऱ्याला आपण राहतोय, हे दगडाबाई एक दिवसही विसरली नाही. भावानं दुसरं लग्न लावायचं काढलं. तिनं नको म्हटलं. पुढं बानूबाई अंथरुणाला खिळली. तिचं नऊ वर्षांचं हागणं-मुतणं दगडाबाईनं काढलं, तोंडातून ब्र न काढता. गाव म्हणालं, सून असावी तर अशी. दगडाबाईला ते शब्द चटके दिल्यासारखे लागत. सौरभच्या लग्नात हळद लागत होती तेव्हा ती आपण होऊन भाताच्या पातेल्यापाशी जाऊन बसली.

मालिका मात्र मेली नाही. कुणीतरी जुनी टेप मोबाइलवर चढवली आणि आपल्या जन्माआधीची ती मालिका पोरं रात्रंदिवस बघू लागली. बारामतीच्या कॉलेजातली मुलं मोटारसायकलवर यायची.

"मावशी, चौथ्या भागातल्या बाई तुम्हीच ना? एक फोटो?"

"न्हाय बाबा. ती वारली," दगडाबाई सांगायची आणि झाडलोट करत राहायची.

दोन हजार तेवीसच्या फेब्रुवारीत मुंबईहून ऋषिराज आला. अठ्ठावीस वर्षांचा, नम्र मुलगा. तीच मालिका नव्यानं करायची होती, मोबाइलवर दिसणाऱ्या आठ भागांत. तो प्लास्टिकच्या खुर्चीत अवघडून बसला. बोलताना त्याची नजर सारखी उंबऱ्याकडे जात होती.

"तुमचा तो सीन आम्हाला पाठ आहे, मावशी. आम्ही तो घेणारच, इथंच घेणार. फक्त आमची बाई रडणार नाही."

"मंग काय करंल?"

"काचा गोळा करेल आणि भाकरी थापायला बसेल."

दगडाबाईनंही उंबऱ्याकडे पाहिलं. "तसंच आसतंय," ती म्हणाली. मुंबईच्या माणसाला हे कसं ठाऊक, याचं तिला नवल वाटलं.

तेवढ्यात सून रेश्मा चहा घेऊन आली आणि ऋषिराज कप हातात धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. दगडाबाईला ती नजर ओळखीची होती.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "नगं. दुसरं कायबी कर, हे नगं."

रेश्मा बारामतीला दुधाच्या कंपनीत कामाला होती. "आत्या, मी रोज आठ तास मोकळ्या हातानं पनीरच्या लायनीवर उभी आसते. बांगडी चालतच न्हाय तितं. पाच वर्सांत काय झालं का ह्यास्नी?"

"झालं की," सौरभ म्हणाला. "प्वाट सुटलं."

"तुमी हसा. ते कंपनीचं हाय. त्यात कुणी मेल्यालं नसतंय," दगडाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सौरभ पेरूचा पिकअप घेऊन गेल्यावर, तीस वर्षं तोंडून न निघालेली गोष्ट तिनं सुनेला सांगितली. कणीक मळत होती, मान वर न करता सांगितली. "मी काढली हुती. हात पुरा रिकामा हुता."

रेश्मानं गॅस बंद केला. "आत्या, ट्रॉलीची पिन तुटली हुती. सगळ्यास्नी ठाव हाय."

"पिन काय पयल्यांदा उसाला लागली हुती? त्याच वर्सी बरी तुटली."

रेश्मानं वाद घातला नाही. पोर समजूतदार होती. "बरं. मी ठेवीन एक हातात. तुमची आण."

मार्चातल्या शूटिंगला दगडाबाई गर्दीच्या मागं, शेवग्याच्या झाडाखाली उभी राहिली. आताच्या बांगड्या साखरेच्या होत्या, लागू नये म्हणून. दोन वेळा झालं. तिसऱ्या वेळेला ऋषिराज काही बोलायच्या आत रेश्मानंच समोरच्या पडद्यावर आपला हात पाहिला, नाक मुरडलं, चिंधी सोडली आणि बांगडी काढून सौरभच्या हातात दिली. "धरा जरा. दिसतीया ही." सौरभनं ती शर्टच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "आता मी मोकळा व्हय गं?" सगळे हसले. रेश्माला आण आठवली नाही असं नाही. तिनं एकदा शेवग्याकडे पाहिलं. पण काम चांगलं व्हावं, ही ओढ त्या क्षणी मोठी होती. दगडाबाईला ती ओढ चांगली ठाऊक होती. म्हणून ती रागावू शकली नाही.

त्या दिवसापासून तिनं दहा महिन्यांचे दिवस मोजायला घेतले.

पिकअपचे ब्रेक तपासून घेतल्याशिवाय ती सौरभला निघू देईना. तो परत येईपर्यंत घास घेईना. दिवसातून चार-चार फोन करी. "आये, मी काय बालवाडीत जातुय का?" तो वैतागायचा. पावसाळ्यात मालिका लागली, रेश्माला बारामतीच्या स्टँडवर लोक ओळखू लागले, घरी पेढे आले. दगडाबाईनं सुनेच्या फोनवर तो भाग एकदा पाहिला. काचा गोळा करून भाकरी थापणारी ती कोरड्या डोळ्यांची बाई पाहून म्हणाली, "हे बराबर केलंय." आणि जिभेखाली आकडे मोजत राहिली. दिवाळी गेली. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागल्या. तिचं जेवण एका भाकरीवर आलं.

दहा महिने भरत आले आणि जानेवारीतला तो दिवस उगवला, सर्जेराव गेला तो. सौरभ पहाटेच पुण्याला माल घेऊन गेला होता. दुपारी त्याचा फोन लागेना. चार वाजले, पाच वाजले. रेश्मा म्हणाली, "चार्जिंग संपलं आसंल." दगडाबाई उंबऱ्यावर जाऊन बसली. तिला रडू येत नव्हतं. आता काय ऐकायला येणार, ते तिला ठाऊक होतं. कोण सांगायला येईल, तो कुठल्या बाजूनं येईल, तेवढंच ती बघत होती. आणि आपल्याला भीती वाटत नाहीये, हेही तिच्या ध्यानात आलं.

दिवेलागणीला हॉर्न वाजला. पिकअप दारात आला. सौरभ उतरला, आळस दिला आणि म्हणाला, "फोन पडला गं पाण्यात. काय झालं? आशी का बसलीयास?"

तेव्हा दगडाबाईच्या मनात जे आलं ते आनंदाचं नव्हतं. लेक समोर धडधाकट उभा होता. म्हणजे रिकाम्या हातानं काही झालं नव्हतं. तेव्हाही झालं नव्हतं. पिन तुटली होती. मग ती तीस वर्षं कशाची? भावाला परत लावलं ते कशापायी, भाताच्या पातेल्यापाशी बसली ते कशापायी? आणि या सगळ्याच्या पाठोपाठ, एका निमिषासाठी, तिच्या मनानं म्हटलं की आज काही झालं असतं तर निदान त्या वर्षांना अर्थ तरी राहिला असता.

निमिषच. पण तो विचार आपलाच आहे, हे तिला कळलं. ती उठली, आत गेली आणि लेकाला पाणी आणून दिलं. देताना तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

चार दिवसांनी ती म्हणाली, "मला वडगावला सोड. कौसल्याकडं." कौसल्या तिची धाकटी बहीण, वडगाव निंबाळकरला दिलेली, आता एकटीच.

"किती दिस?"

"ऱ्हाईन तितंच."

"रेश्मा काय बोलली का?"

"न्हाय रं. पोर गुणाची हाय."

"मंग माझं काय चुकलं? सांग की."

"तुझं काय न्हाय चुकलं. तू सुखरूप आलास," दगडाबाई म्हणाली आणि पिशवीत लुगडी भरू लागली.

सौरभला यातलं काही उमगलं नाही. त्यानं तिला बारामतीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्त तपासून लोहाच्या गोळ्या दिल्या. रेश्मा आपल्यामुळंच आत्या गेल्या असं धरून बसली आहे आणि तिनं पुढं चालून आलेलं मालिकेतलं काम नाकारलं. दगडाबाईनं दोघांनाही काही सांगितलेलं नाही. सौरभ महिन्यातून दोनदा भेटायला येतो. ती त्याला वाढते आणि तो जेवेपर्यंत चुलीकडे तोंड करून बसते.

आता तिला पंचावन्नावं लागलं आहे. कौसल्याच्या गोठ्यात चार गाई आहेत. त्यांची वैरण, शेण, धारा सगळं तीच बघते, आणि सकाळ-संध्याकाळ दुधाचा कॅन घेऊन डेअरीवर जाते.